बॅटरी कोणी धरायची

सकाळी नळ उघडला आणि पाणी आलं, की त्या घरात पंपबाईची आठवण कोणी काढत नाही. पाणी आलं नाही, की सगळं शहर तिच्या नावाने बोटं मोडतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती इंजिनिअर होती, आणि तिथल्या पंपघरात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. लोकांनी आपल्याला विसरावं हीच आपल्या कामाची पावती, असं ती म्हणायची आणि मग स्वतःच जोडायची, "फारच विसरले तर एखादा व्हॉल्व्ह बिघडवते मी." हे खरं नव्हतं. व्हॉल्व्ह आपले आपणच बिघडत.

बाई ठेंगणी, अंगाने भरलेली. कानामागे कायम पेन्सिल, आणि ती पेन्सिल शोधायला रोज अर्धं टेबल उपसायची. पण पंपघराच्या दारात पाऊल टाकलं, की कुठल्या मोटारीला कणकण आहे ते तिला आवाजावरून कळायचं. आई पाळण्यातल्या रडण्यावरून भूक की झोप ते ओळखते, तसं. या एका गोष्टीचा तिला गर्व होता. बाकी स्वतःबद्दल बोलताना ती स्वतःला फारशी सोडायची नाही.

एकदा मुलींच्या शाळेने तिला पाहुणी म्हणून बोलावलं. विषय होता, मुलींनी विज्ञान आणि इंजिनिअरिंगकडे का वळावं. तिने आरशासमोर उभं राहून भाषण पाठ केलं. आरशाला ते फार आवडलं. शाळेत मात्र पहिल्या पाच वाक्यांतच मागच्या रांगेतल्या मुली एकमेकींच्या वेण्या घालू लागल्या. शेवटी तिने हात उंचावून विचारलं, तुमच्यातल्या कोणाला इंजिनिअर व्हायचंय? सभागृहात पंखा तेवढा हलत होता.

मग मधल्या रांगेतून एक हात वर आला. पंपबाईला भरून आलं. मुलीने विचारलं, "तुमचे केस कधी मशिनीत अडकले का?"

"एकदा अडकले," पंपबाई म्हणाली आणि डोकं वळवून मानेपर्यंत कापलेले केस दाखवले. "म्हणून तर हे असे. अंबाडा होता तेव्हा पेन्सिल तिथे खोचायचे. आता कानामागे ठेवते आणि दिवसभर शोधते."

सभागृह हसलं. वेण्या अर्ध्यावर राहिल्या. मुली उठून बसल्या, आणि त्या हसण्याची पंपबाईला अशी काही झिंग चढली, की दर शनिवारी मी स्वतः येऊन तुम्हाला यंत्रं उघडायला शिकवीन, असं ती बोलून गेली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, अशा बाबतीत मुरलेल्या. त्यांनी तिला शब्द मागे घ्यायला श्वासभरही उसंत न देता माइकवर आभार मानून टाकले. मंचावरून उतरताना पंपबाईची अवस्था सुई आणायला गेलेल्या आणि शिलाई मशीन उचलून आणलेल्या माणसासारखी झाली होती.

तिला मिळाली ती मोडक्या बाकांची खोली. भिंतींना खडूचा वास, एका खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा. पंपबाईने स्वतः झाडू मारला, बाकं एकावर एक रचली, आणि घरातून टेबलपंखा, इस्त्री, बंद पडलेलं घड्याळ असा सगळा संसार तिथे नेला. वडिलांचा रेडिओही नेला. तो त्यांना विचारून नेला असं म्हणता येणार नाही.

पहिल्या शनिवारी तिने पाण्याच्या दाबाचा प्रयोग मांडला. बादली उंचावर, खाली नळी, नळीला तोटी. ती दाबाविषयी इतकं रंगून बोलत होती, की नळी तोटीतून सुटत चालली आहे हे तिला सोडून सगळ्यांना दिसत होतं. शहराला पाणी देणारी बाई डोक्यापासून पायापर्यंत भिजली. मुली पोट धरून हसल्या. पुढच्या शनिवारी खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. पंपबाईने याचा अर्थ आपल्याला शिकवण्याची दैवी देणगी आहे असा काढला. मुली बिचाऱ्या ती पुन्हा कधी भिजते ते बघायला आल्या होत्या.

मग यंत्रं उघडायला सुरुवात झाली, आणि पंपबाईचं खरं रूप बाहेर आलं.

ती मुलीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर द्यायची, अगदी प्रेमाने, मूठ वळवून. मुलगी तो स्क्रूच्या खाचेत टेकवायची. टोक निसटायचं. मुलगी पुन्हा टेकवायची. एवढ्यात पंपबाईच्या बोटांना मुंग्या यायच्या. तोंडापेक्षा हात आधी पुढे जायचा. "आण इकडे, मी दाखवते." आणि एकदा का स्क्रू ड्रायव्हर तिच्या हाती आला, की पंखा उघडलेला, पाती बाजूला, तांब्याच्या तारांचं वेटोळं उजेडात, प्रत्येक सुटा भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेला. त्या कामात एक लय असायची. पाहणाऱ्यालाही वाटावं, की हे यंत्र हिच्या हातून उघडलं जायचीच वाट पाहत होतं. सभोवती मुली उभ्या. एक झाकण धरून, एक स्क्रूंची डबी धरून, एक बॅटरी धरून. "बॅटरी इकडे धर. हलवू नकोस," पंपबाई म्हणायची. तास संपला की ती गुणगुणत घरी जायची. आज काय सुंदर शिकवलं.

मुली कमी होत गेल्या. पंपबाईने कारणंही शोधली. परीक्षा जवळ आल्यात. हल्लीच्या मुलींना धीर नाही. त्यांच्या आयांना आवडत नसेल. पुठ्ठ्याच्या खिडकीतून ऊन येतं. एकदा तर तिने वर्गाबाहेर लावायला जाहिरात रंगवली. तिच्यातला पाना सगळ्यांना मासा वाटला. कारणांच्या त्या लांबलचक रांगेत ती स्वतः कुठेच उभी नव्हती.

शेवटी नेमाने येणाऱ्या चारच उरल्या, आणि त्यांच्यात खारूताई. पुढचे दोन दात मोठे, हात चपळ, म्हणून मैत्रिणींनी ते नाव ठेवलेलं. केसांचा प्रश्न विचारणारीही तीच. पंपबाईने यंत्र परत जोडलं, की हमखास एखादा स्क्रू उरायचा, आणि तो खारूताईच्या मुठीत असायचा. सगळे पांगले की ती हळूच म्हणायची, "बाई, हा उरलाय. मागच्या झाकणाचा आहे." इतक्या वर्षांच्या नोकरीत पंपबाईला तिच्यासारखी नजर असलेलं माणूस क्वचितच भेटलं होतं. मनातल्या मनात तिने ठरवूनच टाकलं होतं, की आपल्यामागे पंपघरात मोटारींची कणकण ओळखेल ती ही पोर. पोरीला अर्थात कोणी विचारलं नव्हतं.

अशात मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. गाण्याच्या शिक्षिकेला खोली हवी होती, आणि तिच्याकडे मुली चाळीस होत्या. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, हिशेबी होत्या. पंपबाईची मान खाली गेली. पण त्याच वेळी मागून दोन शिपाई बादल्या घेऊन जिना चढताना दिसले. सुटीनंतर शाळेचा पंप अडकला होता. मोटार नुसती घुमायची, फिरायची नाही, आणि गच्चीवरची टाकी कोरडी पडली होती.

"तो पंप माझ्या मुली दुरुस्त करतील," पंपबाई म्हणाली.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "मुली, की तुम्ही?"

"मुली."

"मग पुढच्या शनिवारी करू दे. मी बघायला येते. जमलं तर खोली त्यांची."

पंपबाई ही बातमी घेऊन धापा टाकत वर्गात आली. तिघींचे डोळे मोठे झाले. खारूताई मात्र दप्तराचा पट्टा नीट करत राहिली आणि म्हणाली, मी पुढच्या शनिवारपासून येणार नाही.

पंपबाईला आधी वाटलं, घरी काही अडचण असेल. तिने तसं विचारलं, समजुतीचं बोलली. खारूताईने सगळं ऐकून घेतलं. मग, मोठ्या माणसाला दुखवायचं नसतं म्हणून लहान मुलं जमिनीकडे बघून बोलतात तशी, ती बोलली. "अडचण काही नाही, बाई. तुम्ही छान करता. पण सगळं तुम्हीच करता. आम्ही बॅटरी धरतो. पंपसुद्धा तुम्हीच कराल, आणि आम्ही केला असं मोठ्या बाईंना सांगायला लागेल."

उरलेल्या तिघींनी खोलीच्या कोपऱ्यात काहीतरी बघायला सुरुवात केली.

पंपबाई रागावली. रस्ताभर स्वतःशी बोलत गेली. शनिवारची सुटी सोडून मी येते, घरातली यंत्रं आणते, भिजते, आणि ही एवढीशी पोर मला सांगते. ती इतक्या तावात चालत होती, की स्वतःचं घर मागे टाकून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली. तिथून काही न घेता परत फिरायची लाज वाटली, म्हणून तिने मेणबत्त्यांचा एक पुडा घेतला.

घरी वडील स्वयंपाकघरातल्या सिंकखाली डोकं घालून पडले होते. जन्मभर फिटरचं काम केलेला माणूस. आता गुडघे गेले होते, पण घरातल्या कुठल्याही गळतीवर पहिला हक्क त्यांचा. जोड ठिबकत होता.

"आलीस का? ती बॅटरी धर," आतून आवाज आला.

पंपबाई गुडघ्यांवर बसली. हे तिचं लहानपणापासूनचं काम. वडील दुरुस्ती करणार, पोर बॅटरी धरणार. शाळेत जायच्या आधीपासून ती धरत आली होती. पुढे ती इंजिनिअर झाली, शहराचं पाणी तिच्या हाताखाली आलं, तरी या सिंकपाशी तिचा हुद्दा बदलला नव्हता.

"इकडे धर. हलवू नकोस."

नट आटे सोडून बसत होता. पंपबाईला ते दिसत होतं. तिने पाना उचलला. वडिलांचा हात मागे आला, न बघता, सरावाने. "तुला नाही जमायचं. आण इकडे."

आण इकडे. तोच सूर, तसाच पुढे झालेला तळवा. पंपबाई बॅटरी धरून तशीच बसली, आणि मग तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळं अंग हलवत. भिंतीवर उजेड नाचू लागला.

"हलवू नको म्हटलं ना," वडील म्हणाले.

"बाबा, इतक्या वर्षांत एकदा तरी पाना माझ्या हातात का नाही दिलात?"

वडील नट आवळायचे थांबले. त्यांना खरंच आठवायचं होतं. "द्यायचाच होता गं," ते म्हणाले. "पण तेवढ्यात काम होऊन जायचं."

बापाला दोष देणं सोपं गेलं असतं. पण वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले ते भाग आणि भोवती डबी नि बॅटरी धरून उभ्या पोरी तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. तिचंही दर शनिवारी तेवढ्यात काम होऊन जात होतं. आपण कोणावर गेलोय हा प्रश्न नातेवाइकांनी अनेकदा चर्चिला होता. नाकावरून एकमत होत नव्हतं. ते आज झालं, आणि नाक बाजूलाच राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खारूताईच्या घरी गेली. आईचं लाँड्रीचं दुकान, त्याच्याच मागे घर. दुकानात गरम कापडाचा वास, मांडणीवर शर्टांच्या घड्या, आणि आईचा हात इस्त्रीवर न थांबता पुढेमागे. पंपबाईने मुलीचं कौतुक सुरू केलं, तशी आई हसली. म्हणाली, मला नवीन सांगू नका, हिने आमची इस्त्री दोनदा खोलली आहे. दुसऱ्यांदा जोडली तेव्हापासून बरी तापते.

"तुम्ही हिला खोलू दिलीत? काही बोलला नाहीत?" पंपबाईने विचारलं.

"बोलले की. पण हातातलं काढून कोण घेणार? माझे हात कधी रिकामे असतात?"

पंपबाईने त्या हातांकडे बघितलं. एक इस्त्रीवर, एक बाहीची सुरकुती ओढून धरलेला. शिकवण्याचं सगळं विज्ञान तिथे उलगडून ठेवलेलं होतं, आणि तिने मात्र त्यासाठी बादली, नळी आणि तोटी वापरली होती.

खारूताई कपड्यांच्या गठ्ठ्यामागून सगळं ऐकत होती. पंपबाई तिच्यासमोर स्टुलावर बसली. तिने एक छोटं भाषण तयार केलं होतं. चुका, शिकणं, मोकळेपणा असे शब्द होते त्यात. ते तिने गिळलं.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "माझा हात ऐकत नाही. तू सांग, काय करू?"

खारूताईने विचार केला. ती फार वेळ विचार करत होती, आणि पंपबाईला उत्तर सुचवायची जी उबळ येत होती ती तिने खोकला म्हणून काढली.

"तुम्ही बॅटरी धरा," खारूताई म्हणाली. "दोन्ही हातांनी."

आईचा हात पहिल्यांदाच थांबला. तिने मुलीला डोळ्यांनी दटावलं. पण पंपबाईने मान डोलावली होती.

शनिवारी पंपाच्या खोलीत चार मुली, पंपबाई आणि दारात मोठ्या बाई. खोली जिन्याखाली, दिवसाढवळ्या अंधारी. पंपबाईने बॅटरी दोन्ही हातांत घट्ट धरली होती, देवळातली समई वाऱ्यापासून जपावी तशी.

खारूताईने आधी बटण बंद केलं, मग भिंतीतला प्लग उपसून लांब ठेवला. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पंपबाई कौतुकाने तिच्याकडेच बघत राहिली.

"इकडे धरा, बाई. हलवू नका."

"हो," पंपबाई म्हणाली.

बोल्ट गंजलेले. पाना निसटत होता. एकीचं बोट सोलवटलं, तिने ते तोंडात घातलं आणि दुसरीने पाना घेतला. पंपबाईला दिसत होतं, की पाना उलटा धरलाय. तिच्या दंडाचे स्नायू आपोआप आवळले. तिने जीभ दातांखाली धरली. चौथ्या मुलीने पाना फिरवून बघितला, आणि बोल्ट कुरकुरत हलला.

झाकण निघालं, तसं आतलं पाणी भसकन खारूताईच्या पायांवर सांडलं. पाण्यामागे पंपाच्या पोटातला छोटा पंखा दिसला, आणि त्याच्या पात्यांत पिळून बसलेली फरशी पुसायची चिंधी. मुलींनी ती ओढून काढली. एखाद्या राक्षसाचं शेपूट काढावं तसा जल्लोष झाला. मग पंखा बोटाने फिरवून बघितला, पुन्हा पुन्हा, नुसत्या आनंदासाठी. वॉशर पुसला, झाकण बसवलं, बोल्ट आवळले. एकही स्क्रू उरला नाही. पंपबाईच्या ते लक्षात आलं आणि थोडं लागलंही.

खारूताईने प्लग लावून बटण दाबलं. मोटार फिरली, सुरेख, गोल आवाजात. सगळ्यांनी वर बघितलं. गच्चीवरच्या टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज काही येईना.

पंपबाईला कारण माहीत होतं. पंपाचं पोट रिकामं होतं. आधी आत पाणी भरल्याशिवाय तो खालून पाणी ओढणार नाही. पंपघरात नव्या आलेल्या माणसाला ती पहिल्या दिवशी शिकवते ती गोष्ट. मोटार अशी कोरडी फार वेळ चालली तर बिघडणार. शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. एक वाक्य, फक्त एक. खोली वाचली असती.

"बंद कर," खारूताई मैत्रिणीला म्हणाली. "आवाज वेगळा येतोय. हलका."

मोटार थांबली. मोठ्या बाईंनी पंपबाईकडे बघितलं, भुवया उंचावून. सांगा ना आता, असा त्या भुवयांचा अर्थ. पंपबाईने बॅटरी छातीशी आणखी आवळली. आवाजावरून ओळखणारी आपण एकटीच, हा तिचा इतक्या वर्षांचा गर्व जिन्याखालच्या त्या खोलीत मुकाट्याने कोपऱ्यात जाऊन बसला.

चौघी पंपाभोवती उकिडव्या बसल्या. एक म्हणाली, वॉशर उलटा बसला असेल. दुसरी म्हणाली, पुन्हा खोलू. खारूताई आपल्या ओल्या पायांकडे बघत होती. मोजे अजून चिकटलेले होते.

"उघडला तेव्हा आत पाणी होतं," ती सावकाश म्हणाली. "आपण सांडलं ते. मोटार बंद असतानाही ते आत होतं. म्हणजे त्याला ते लागत असणार."

मग शोधाशोध. पंपाच्या माथ्यावर एक टोपण होतं. ते उघडलं. चौघींनी आपापल्या बाटल्यांतलं प्यायचं पाणी आत ओतलं. ते गुटगुट करत खाली गेलं, हवेचे बुडबुडे वर आले, आणि काठोकाठ भरल्यावर टोपण लागलं. बटण दाबलं. मोटारीचा आवाज आधी हलका, मग एकदम खोल झाला, ओझं उचलणाऱ्या माणसासारखा. क्षणभराने चार मजले वर, कोरड्या टाकीच्या तळाशी पाणी आदळलं.

घाईत आवळलेल्या एका जोडातून बारीक चिळकांडी उडाली, ती नेमकी पंपबाईच्या तोंडावर. ती हलली नाही. मुली हसत होत्या. मोठ्या बाईसुद्धा हसल्या, मग चष्मा पुसत म्हणाल्या की गाण्याच्या वर्गाला सभागृह देता येईल.

"बाई, उजेड," खारूताई पाना घेऊन जोडाकडे वाकली. "अजून झालं नाहीये."

संध्याकाळी पंपबाई घरी आली तेव्हा बोटं धड सरळ होत नव्हती. वडील रेडिओ शोधत होते, तिला बघून थांबले. केस ओले, बाहीला गंज. आज मोठं काम झालेलं दिसतं, ते म्हणाले. काय केलंस?

"बॅटरी धरली."

वडिलांनी तिच्याकडे नीट बघितलं. "हलली का?"

"नाही."

"माझ्याकडे मात्र कायम हलायची," ते म्हणाले. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि सिंकपाशी गेले. जोड पुन्हा ठिबकू लागला होता. त्यांनी पाना तिच्यासमोर धरला आणि आपण बॅटरी घेतली. पंपबाई सिंकखाली शिरली. उजेड भलत्याच पाइपावर पडत होता.